संगणककट्टा : स्वयंपाक झालाय, वाढप अडलंय

मंडळी, फराळाच्या ताटाभोवती दोन आयटीवाले बसले की ‘डेटाबेस फार स्लो झालाय’ हे वाक्य येतंच. ज्यांची मुलं-सुना या व्यवसायात आहेत, त्या आई-बाबांनाही ते पाठ झालं असेल. न्यू जर्सीतली संध्याकाळ आणि पुण्यातली पहाट त्यापायीच फोनवर जाते. इकडचा म्हणतो, क्वेरीला वीस मिनिटं लागतात. सर्व्हरशेजारी बसलेली तिकडची म्हणते, माझ्याकडे लगेच संपते. दोघंही खरं बोलत असतात, आणि तरी शेवटी बोल पुण्याकडे जातो.

पंगत आठवा. स्वयंपाक तयार आहे, पण वाढपी एका खेपेला पंधराच पुऱ्या आणतोय. ओरॅकलच्या एसक्यूएल प्लसमध्ये नेमकं हेच होतं. ‘अ‍ॅरेसाइझ’ मुळात १५ असतो, म्हणजे एका फेरीत पंधरा ओळी. एक लाख ओळींना झाल्या सुमारे ६,६६७ फेऱ्या. अमेरिका-भारत जाऊन-येऊन एका फेरीला ०.२ सेकंद धरला, तरी नुसत्या ये-जा करण्यात बावीस मिनिटं! अ‍ॅरेसाइझ ५०० करा. फेऱ्या २०० आणि ये-जा ४० सेकंदांची. सर्व्हर तोच, क्वेरी तीच.

पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएलची तऱ्हा वेगळी. तो आधी सगळा निकाल आपल्या संगणकाच्या मेमरीत गोळा करतो, रकान्यांची रुंदी ठरवतो आणि मगच पहिली ओळ दाखवतो. तोवर पडदा कोरा आणि पाहणारा अस्वस्थ. ‘फेच काउंट’ हजारावर ठेवला की हजार-हजारांच्या खेपा येऊ लागतात. मग रकाने एखाद्या खेपेला थोडे तिरके दिसतात, तेवढं चालवून घ्यावं.

दोष कुठे आहे हे ठरवायला ‘एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ’ चांगलं. ते क्वेरी खरोखर चालवतं, पण ओळी आपल्याकडे पाठवत नाही. तिथे चार सेकंद आणि पडद्यावर चार मिनिटं, तर स्वयंपाकघराला बोल लावू नका. (खरोखर चालवतं म्हणजे डिलीटही खरोखर करतं, बरं का! ते फक्त सिलेक्टवरच वापरा.) उलट तिथेच वीस मिनिटं दिसली, तर इंडेक्स, जॉइन वगैरे पाहायला पुण्याला फोन जरूर करा.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. एक लाख ओळी डोळ्यांनी वाचणार कोण? बहुतेकांना पहिल्या शंभर-दोनशे पुरतात. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी ‘लिमिट’ आहे. सोबत ‘ऑर्डर बाय’ हवं, नाहीतर कोणत्या ओळी येतील याची हमी नाही. ‘सिलेक्ट स्टार’ची सवयही महागात पडते. नाव आणि तारीख हवी असताना पानभर शेऱ्यांचा रकाना समुद्र ओलांडून कशाला आणायचा?

सगळा निकाल हवाच असेल, तर सर्व्हरजवळच सीएसव्ही फाइल करून, झिप करून एकदाच इकडे आणावी. ते काम रात्रीच्या जॉबला लावता येतं. मग पुण्यात पहाटे साडेपाचला कुणाचा फोन वाजत नाही, आणि इकडे पोरांबरोबर जेवायलाही बसता येतं.