घरातलं किती, दारातलं किती?

आमच्या जूचंद्रला रांगोळीचं गाव म्हणतात. इथल्या रांगोळ्या बघायला दिवाळीत लांबून माणसं येतात. रांगोळी दारातच काढायची असते, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावी म्हणूनच काढायची असते. पण म्हणून कोणी कपाटाची किल्ली रांगोळीशेजारी ठेवून देत नाही! काय दारात मांडायचं आणि काय आत ठेवायचं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. मग हातात मोबाइल आला की हेच शहाणपण कुठे जातं?

आपल्याच ओळखीतले आठवडाभराचे स्टेटस आठवून बघा. सोमवारी मुलाचा गणवेशातला फोटो, त्यावर शाळेचं नाव. बुधवारी सासूबाईंच्या ऑपरेशनची बातमी, हॉस्पिटलच्या नावासकट. शुक्रवारी ‘आठ दिवस गावी, खूप मज्जा!’ म्हणजे घराला कुलूप. रविवारी लेकीचा वाढदिवस, केकवर वय, खाली पूर्ण नाव. एकेक गोष्ट साधी, कौतुकाची. पण एका दोऱ्यात ओवली, तर अनोळखी माणसाला शाळेच्या फाटकाशी उभं राहून पोरीला नावाने हाक मारता येईल, इतकी माहिती त्यात आहे. आजी कुठे आजारी आहे तेही त्याला ठाऊक. मूल विश्वास ठेवणार नाही तर काय करणार?

ही ओवणी किती सोपी असते, ते २०१८च्या जुलैमध्ये साऱ्या देशाने पाहिलं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी स्वतःचा आधार क्रमांक ट्विटरवर जाहीर केला आणि नुकसान करून दाखवा असं आव्हान दिलं. काही तासांतच लोकांनी त्यांचा मोबाइल नंबर, पत्ता, जन्मतारीख चव्हाट्यावर मांडली. आधार प्राधिकरणाचं म्हणणं होतं की ही माहिती आमच्या कोठारातून गेलेली नाही, ती आधीच जागोजागी उघडी पडलेली होती. मला तर यातच खरा धडा दिसतो. चोराला कुलूप फोडावं लागतंच असं नाही, सांडलेले दाणे वेचले तरी त्याची पोतडी भरते.

आता कोणी म्हणेल, ‘म्हणूनच आम्ही सांगतो, बायकांनी फोटो टाकूच नयेत, लिहूच नये. झाकली मूठ सव्वा लाखाची!’ मैत्रिणींनो, माझा वाद आहे तो इथेच. ही म्हण आपल्याला फार वेळा ऐकवली गेली आहे. नवरा मारतो, तर झाकली मूठ. दीर वाईट वागतो, तर झाकली मूठ. घराची अब्रू आणि घराची सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरक्षिततेच्या नावाखाली बाईचं तोंड बंद होणार असेल, तर ती सुरक्षितता कोणाची?

लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९०मध्ये आलं. घरातलं बाहेर आणलं म्हणून नाकं मुरडणारे होतेच. पण या बायका लिहित्या झाल्या नसत्या, तर मराठी संसाराची खरी गोष्ट आपल्याला कळली असती का? तेव्हा लिहायचं तर आहेच. आणि इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. पुस्तकात त्यांनी काय लिहावं, हे त्यांनी विचार करून ठरवलं. चहा उकळेपर्यंत टाकलेल्या स्टेटसला तेवढीही उसंत नसते.

बोलण्याची किंमत घर कशी मोजतं, याचं उदाहरण आपल्या पालघरमध्येच घडलं. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर सारं बंद का, असा प्रश्न एका तरुणीने फेसबुकवर विचारला. तिच्या मैत्रिणीने ते ‘लाइक’ केलं. दोघींना अटक झाली आणि तिच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. लिहिलं पुतणीने, काचा फुटल्या काकांच्या! पुढे ज्या कलमाचा आधार घेतला गेला, ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. त्या मुलींचा गुन्हा नव्हताच. गुन्हा तोडफोड करणाऱ्यांचा. पण आपलं मत आपल्या नावाने मांडताना घरच्यांचा ठावठिकाणा त्याला चिकटलेला नसावा, एवढी खबरदारी घेणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. मत ठणकावून मांडा. सोबत मुलाची शाळा आणि नवऱ्याचं ऑफिस कशाला?

फोटोंच्या बाबतीतही दोषी कोण, हे विसरायला नको. जानेवारी २०२२मध्ये ‘बुल्लीबाई’ नावाच्या अॅपवर अनेक मुस्लिम स्त्रियांचे फोटो उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडला गेला. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने अटका केल्या. त्यातल्या कित्येक जणी पत्रकार, कार्यकर्त्या होत्या. फोटो लावणं ही त्यांची चूक नव्हती. अशा वेळी ‘तू टाकलासच का?’ हा पहिला प्रश्न घरातून आला, तर मुलगी दुसऱ्यांदा तुमच्याकडे येणारच नाही. ती लपवेल, आणि धमकावणाऱ्याला तेच हवं असतं.

मुलांचा विचार तर आणखी वेगळा. बाळाचा न्हाऊ घालतानाचा फोटो, परीक्षेत नापास झाल्याची गंमत, अंथरूण ओलं केल्याचा किस्सा... आपल्याला गोड वाटतो, पण पंधराव्या वर्षी वर्गातली पोरं तोच फोटो फिरवतील तेव्हा? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. तो हक्क काही अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर पोस्टाने येत नाही. चार-पाच वर्षांच्या पोरालाही ‘हा फोटो मावशीला पाठवू का?’ असं विचारता येतं. ‘नको’ म्हणालं, तर नको. मोठेपणी कोणी त्याच्याकडे नको तो फोटो मागितला, तर हेच ‘नको’ त्याच्या उपयोगी पडेल.

सामाजिक काम करणाऱ्या आम्हा बायकांनाही दोन शब्द. वह्या वाटताना रांगेतल्या प्रत्येक मुलाचा चेहरा कशाला हवा? घेणाऱ्याचं नाव, वस्ती, गरिबी सगळं जाहीर करून आपण मदत करतो की मोबदला वसूल करतो? तक्रार घेऊन आलेल्या बाईचा पाठमोरा फोटोसुद्धा तिच्या गल्लीतल्या लोकांना साडीवरून ओळखू येतो. आणि अत्याचार झालेल्या मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता जाहीर करायला २०१२च्या पॉक्सो कायद्याने मनाई आहे, हे हळहळ व्यक्त करत पोस्ट पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकीने लक्षात ठेवावं.

करायचं काय, ते अवघड नाही. गावाहून परत आल्यावर फोटो टाका, मज्जा तेवढीच राहते. गणवेश, गाडीचा नंबर, घराची पाटी फोटोतून कापा. मोबाइलच्या कॅमेऱ्यातली लोकेशनची नोंद बंद ठेवा. व्हॉट्सअॅप स्टेटस सगळ्यांना न दाखवता निवडक माणसांना दाखवता येतं. गॅसवाला, प्लंबर, जुना भाडेकरू हे सगळे तुमच्या यादीत आहेत, हे विसरू नका. आधारची प्रत द्यावीच लागली, तर शेवटचे चारच आकडे दिसतील अशी ‘मास्क’ केलेली द्या. माहेरचं आडनाव, जन्मतारीख यांवर पासवर्ड बेतू नका. आणि हो, दुसऱ्याच्या मुलाचा फोटो त्याच्या आईला विचारल्याशिवाय नाही, मग तो सख्ख्या भाच्याचा का असेना!

एवढं करूनही काही विपरीत घडलंच, तर आधी स्क्रीनशॉट घ्या, मग बाकीचं. पैशांची फसवणूक असेल तर लगेच १९३० वर फोन करा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे. स्त्रिया आणि मुलांविषयीच्या काही तक्रारी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही करता येतात. पोलीस ठाण्यात एकटीने जायची भीती वाटत असेल, तर बचत गटातल्या दोघी-तिघींना सोबत घ्या.

पुढच्या वेळी ‘पोस्ट’वर बोट ठेवण्याआधी एवढंच विचारा, हे सांगायचा हक्क माझा आहे की घरातल्या दुसऱ्या कोणाचा? माझं असेल, तर बिनधास्त सांगेन. दुसऱ्याचं असेल, तर त्याला विचारेन. या एका प्रश्नाला लागतो किती वेळ?