मानेतील धमनी : प्रश्न टक्क्यांचा की भिंतीचा?

मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्यांची डॉप्लर सोनोग्राफी झाली, की अहवालात एक आकडा येतो. धमनी चाळीस टक्के अरुंद, साठ टक्के अरुंद, ऐंशी टक्के अरुंद. या आकड्यावरूनच रुग्ण निश्चिंत होतो किंवा धास्तावतो आणि शस्त्रक्रियेचा निर्णयही बहुतांशी त्याच आधारे होतो. हा एकच आकडा पुरेसा आहे काय, असा प्रश्न धमनीच्या भिंतीच्या एमआरआय तपासणीने उपस्थित केला आहे.

टक्केवारीला महत्त्व आले ते सबळ पुराव्यामुळे. पक्षाघाताचा तात्पुरता वा सौम्य झटका येऊन गेलेल्या आणि धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद असलेल्या रुग्णांवरील ‘नॅसेट’ या उत्तर अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी २६ टक्के रुग्णांना दोन वर्षांत त्याच बाजूच्या धमनीमुळे पक्षाघात झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते.

तथापि धमनीकाठिण्य हा मुळात भिंतीचा विकार आहे. भिंतीत चरबीयुक्त थर साचू लागला की धमनी प्रथम बाहेरच्या बाजूस फुगते आणि आतला मार्ग बराच काळ मोकळा राहतो, हे सेमूर ग्लागोव्ह व सहकाऱ्यांनी हृदयाच्या धमन्यांबाबत १९८७ मध्ये दाखवून दिले. मानेतील धमन्यांतही असे घडते. थरावरील तंतुमय आवरण पातळ होऊन फाटले किंवा थरात रक्तस्राव झाला, तर गुठळी मेंदूकडे जाण्याचा धोका वाढतो. मग मार्ग फारसा अरुंद नसला तरी.

एमआरआयमध्ये वाहत्या रक्ताचा संकेत दाबून ते काळे दाखवता येते. त्यामुळे भिंत उठून दिसते आणि निरनिराळ्या प्रकारच्या प्रतिमा ताडून चरबी, कॅल्शियम व साकळलेले रक्त वेगळे ओळखता येते. यात क्ष-किरणांचा वापर होत नाही.

सिएटलमधील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी लक्षणे नसलेल्या १५४ रुग्णांवर २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पातळ वा फाटलेले आवरण आणि थरातील रक्तस्राव यांचा नंतरच्या झटक्यांशी स्पष्ट संबंध आढळला. २०२० मध्ये अनेक अभ्यासांतील सुमारे ७०० रुग्णांची माहिती एकत्र तपासण्यात आली. लक्षणे असलेल्या, पण धमनी ५० टक्क्यांहून कमी अरुंद असलेल्या रुग्णांत थरात रक्तस्राव असल्यास पक्षाघाताचे वार्षिक प्रमाण ९ टक्के, नसल्यास ०.७ टक्के होते. टक्केवारीच्या निकषावर हे दोन्ही रुग्ण सारखेच ठरतात.

दुसऱ्या टोकाचे चित्रही बोलके आहे. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ‘क्रेस्ट-२’ चाचणीत लक्षणे नसलेले, पण धमनी किमान ७० टक्के अरुंद असलेले रुग्ण होते. तिच्या स्टेंटविषयक भागात केवळ काटेकोर औषधोपचार घेणाऱ्यांत चार वर्षांत पक्षाघातादी गंभीर घटनांचे प्रमाण ६ टक्के, तर स्टेंट बसवलेल्यांत २.८ टक्के राहिले. स्टेंटचा लाभ झाला, हे खरे. परंतु त्याविनाही शंभरातील चौऱ्याण्णव जण सुरक्षित राहिले. धोक्यातील सहा जण कोणते, हे टक्केवारी सांगत नाही. युरोपीय रक्तवाहिनी शल्यविशारदांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत, लक्षणे नसलेल्यांची शस्त्रक्रिया ठरवताना थरातील रक्तस्रावासारख्या खुणा विचारात घेण्यास सांगितले आहे, ते याचसाठी.

मात्र उत्साहाला आवर घालणे आवश्यक आहे. भिंतीचा एमआरआय पाहून शस्त्रक्रिया ठरवल्यास पक्षाघात टळतात, हे यादृच्छिक चाचणीने अद्याप सिद्ध झालेले नाही. तपासणी खर्चिक व वेळखाऊ असून, प्रतिमांचे वाचन करणारा डॉक्टर अनुभवी असावा लागतो. शिवाय भारतीयांसह आशियाई रुग्णांत कवटीच्या आतील धमन्या अरुंद होण्याचे प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा अधिक असते. मानेची भिंत निर्दोष दिसली म्हणून ते निर्धास्त राहू शकत नाहीत. लक्षणे नसलेल्या सर्वसामान्य प्रौढांची कॅरोटिड चाळणी तपासणी करू नये, अशीच अमेरिकी तज्ज्ञगटाची शिफारस आहे. आरोग्य तपासणीच्या ‘पॅकेज’मध्ये या एमआरआयची भर पडणे म्हणूनच अनाठायी ठरेल.

या तपासणीचा खरा उपयोग आहे तो झटका येऊन गेला, पण अहवालातील आकडा लहान म्हणून कारण सापडत नाही, अशा रुग्णाला. तसेच आकडा मोठा, पण लक्षणे नाहीत म्हणून निर्णय अडलेल्याला. तंबाखू सोडणे, रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवणे आणि स्टॅटिनसारखी औषधे नियमित घेणे मात्र दोघांनाही चुकणार नाही.