ओहायो बाकी आहे

भाची मिशिगन विद्यापीठात शिकावयास गेली आणि तिच्यापायी आमच्या घरात अमेरिकन फुटबॉल शिरला. हा खेळ पायांपेक्षा हातांनीच अधिक खेळतात, हे उमगण्यातच माझा पहिला महिना सरला! २०२३ च्या हंगामात पंधराही सामने जिंकून हा संघ राष्ट्रीय विजेता ठरला होता. पुढील हंगामापूर्वी प्रशिक्षक गेले, नामांकित खेळाडू गेले. लाखाहून अधिक प्रेक्षक मावणाऱ्या घरच्या मैदानावर टेक्सासने ३१-१२ असे लोळविले. मग वॉशिंग्टन, इलिनॉय, ओरेगन, इंडियाना. पहिल्या अकरा सामन्यांत पाच पराभव. पेढीचा असा हंगाम गेला असता, तर आम्ही तो माल केव्हाच बंद केला असता.

मी म्हटले, "अगं, आता पुढल्या वर्षी पाहू."

"मामा, ओहायो स्टेट बाकी आहे ना!"

३० नोव्हेंबरला दुकान वाढवून रात्री साडेदहाला पडद्यासमोर बसलो. सामना कोलंबसला, म्हणजे वैऱ्याच्या अंगणात. सारे जाणकार ओहायोच्या बाजूचे. १०-१० अशी बरोबरी. पंचेचाळीस सेकंद उरली असता मिशिगनने चेंडू खांबांमधून धाडला. १३-१०!

पुढे त्याच ओहायोने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. भाचीला त्याचे काडीचेही दुःख नाही.