नवा मासा जेवत नाही तेव्हा

मैत्रिणींनो, या वेळी तांदळातल्या किड्यांबद्दल लिहायचे ठरवले होते. पण आठवडाभर आमच्या घरात वेगळेच नाटक चालले होते, तेव्हा आधी तेच सांगते.

आमच्या पुसेगावापासून समुद्र किती लांब, हे सांगायला नकोच. इथले पाणी म्हणजे बोअरचे, भांड्यांवर पांढरा थर धरणारे. पण ठाण्याला नोकरीला असलेले आमचे धाकटे भावजी दिवाळीत आले आणि त्यांनी काचेची मोठी पेटी मांडून चक्क समुद्र तयार केला. फिल्टरचे पाणी, त्यात दर लिटरला साधारण ३५ ग्रॅम खास समुद्री मीठ. (स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर कितीतरी इतर क्षार असतात.) मग ती पेटी सहा आठवडे बिनमाशांची चालू ठेवली. शेजारच्या काकू विचारायच्या, "काय हो, लोणचं मुरायला ठेवलंय का?" तसे ते मुरवणेच असते. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जंतू पेटीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात.

मासे घेतले आमच्या सातवीतल्या लेकीने, शिष्यवृत्तीच्या पैशातून. नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेल्या विदूषक माशांची जोडी. २००३ सालच्या 'फाइंडिंग निमो' या चित्रपटातला तो हाच. भावजींनी मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यातून आणले. पिशवी वीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवली, नंतर तासभर पेटीतले पाणी थोडे थोडे पिशवीत घातले, आणि मग मासे सोडले. दुसऱ्या दिवशी भावजी परत गेले.

मोठा मासा त्याच संध्याकाळी दाणे खाऊ लागला. धाकटा मात्र कोपऱ्यात. दाणा तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा. लेक शाळेतून आली की दप्तरासकट पेटीपुढे. तिसऱ्या दिवशी तिनेही ताट बाजूला सारले.

आता माझी चूक सांगते. आई म्हटली की पोर जेवत नाही तर आणखी वाढायचे, हा आपला स्वभाव. मी सकाळ-दुपार-संध्याकाळ चिमूट चिमूट दाणे टाकत राहिले. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झाले, मोठाही खाईना, दोघेही भराभर श्वास घेऊ लागले. भावजींना फोन केला. तपासणीच्या बाटलीतले थेंब टाकून पाहिले, तर अमोनिया चढलेला. आणि अमोनियाने पहिली जाते ती भूकच! म्हणजे उपाशी माशाला मीच आणखी उपाशी मारत होते. लेक रडली. मुख्य म्हणजे ती मला काही बोलली नाही, त्याचेच जास्त लागले.

लगेच नळीने तळाचे उरलेले अन्न ओढून काढले. चौथा हिस्सा पाणी बदलले. नवे पाणी तितक्याच खारटपणाचे आणि तितक्याच उष्णतेचे. पेटीचा दिवा बंद केला, समोर चादर टाकली. सासूबाई म्हणाल्या, "नवी सून तरी पहिल्या चार दिवसांत पोटभर जेवते का गं? त्यात तुम्ही सगळे तोंडाकडे बघत बसता." खरेच आहे. नव्या जागी दोन-तीन दिवस न खाणे हे नवलाचे नाही. अंगावर पांढरे ठिपके नसतील, पोट खपाटीला गेले नसेल, तर धीर धरावा.

पण पुढचा प्रश्न नाजूक होता. भावजी म्हणाले, कोलंबी बारीक चिरून द्या. सासूबाई माळकरी! आमच्या फ्रिजमध्ये अंडेसुद्धा येत नाही. मी चाचरत विचारले. त्या म्हणाल्या, "त्याचं अन्न त्याला, आपलं आपल्याला. पण माझ्या ओट्यावर नको."

म्हणून पडवीत आर्टेमियाची अंडी उबवली. हे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव. त्यांची अंडी वाळवलेली, डबीत मिळतात. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगावी. लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ (आयोडीन नसलेले) आणि अर्धा चमचा अंडी घालावी, हवेची नळी सोडावी, वर दिवा लावावा. २४ ते ३६ तासांत पिल्ले निघतात. हवा बंद केली की टरफले वर तरंगतात आणि केशरी पिल्ले खाली जमतात. ती तलम फडक्यातून गाळून, धुऊन, लगेच घालावी. ठेवून दिली तर त्यांच्यातला कस जातो.

सहाव्या दिवशी सकाळी चमचाभर पिल्ले सोडली. हलणारे खाद्य पाहून धाकटा कोपऱ्यातून सुटला तो थेट! त्या दिवशी लेकीने दोन भाकऱ्या खाल्ल्या. मग दर खेपेला पिल्लांत दोन-चार भिजवलेले दाणे मिसळत गेलो. आता नुसते दाणेही खातो. दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच. उरलेले ताबडतोब काढायचे.

ज्यांना असे मासे घ्यायचे असतील त्यांनी दुकानदाराला आपल्यासमोर खायला घालायला सांगावे. खाल्ले नाही तर पैसे देऊ नयेत. आमच्या दुकानदाराने "घरी गेल्यावर खाईल" असे सांगून पाठवले होते. पैदास केंद्रात जन्मलेला विदूषक मासा मिळाला तर तोच घ्यावा, त्याला लहानपणापासून दाण्यांची सवय असते. तमिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ही पैदास यशस्वी केली आहे. मँडरिन किंवा कॉपरबँड बटरफ्लाय कितीही सुंदर दिसले तरी नवख्या बाईने त्या वाटेला जाऊ नये. पहिला जिवंत बारीक जिवांवरच जगतो आणि दुसरा खाण्याच्या बाबतीत फार हट्टी. समुद्रघोडा तर घ्यायचाच नाही. २००१ पासून त्याला कायद्याने संरक्षण आहे.

आणखी एक. उन्हाळ्यात पेटीतले पाणी भराभर आटते, पण मीठ आटत नाही. म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या फिल्टरच्या पाण्याची. आणि लाइट गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवा.

जाता जाता गंमत सांगते. हे विदूषक मासे सगळे जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा असतो तो मादी होतो, आणि राज्य तिचेच. ती गेली की तिचा नवरा मादी होऊन गादीवर बसतो. हे मी जेवताना सांगितले तेव्हा ह्यांनी आमटी मागितली आणि सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

पुढच्या खेपेला तांदळातले किडे नक्की.