परदेशी व्हिसा आणि नोकरीचा कागद



आपल्यापैकी अनेकांची मुले आज खाजगी कंपन्यांत संगणकावर काम करतात, तेही घरी बसून. इंदूरच्या एका निवृत्त आरएमएस सॉर्टर साथींनी मध्यंतरी विचारले, "मुलगा म्हणतो, हेच काम पोर्तुगालमध्ये राहून करीन, त्यासाठी वेगळा व्हिसा मिळतो. खरे का हे?"

खरे आहे. त्याला डिजिटल नोमॅड व्हिसा म्हणतात. मालक एका देशात, पगारही तिकडूनच, पण मुक्काम दुसऱ्या देशात. एस्टोनियाने तो २०२० मध्ये सुरू केला, पोर्तुगालने ऑक्टोबर २०२२ मध्ये, तर स्पेनने डिसेंबर २०२२ च्या कायद्याने त्याची सोय केली. आपल्या मुलांनी जग पाहावे, यात वावगे काहीच नाही. परंतु अटी नीट समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली अट उत्पन्नाची. पोर्तुगालला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न लागते. २०२५ साली ते किमान वेतन ८७० युरो होते. म्हणजे त्या वर्षी अर्जदाराचे उत्पन्न ३,४८० युरो, अर्थात महिना तीन लाख रुपयांहून अधिक हवे होते. स्पेन दुप्पट मागतो. कुटुंब बरोबर नेल्यास रक्कम वाढते. आपली बहुतेक मुले इथेच अडतात. एजंटाला पैसे देण्यापूर्वी हा हिशेब घरीच करावा.

या आकड्याची दुसरी बाजूही कामगारांनी पाहावी. तिथला किमान वेतनावरचा कामगार जे कमावतो त्याच्या चौपट कमावणारा भाडेकरू आला की घरभाडी कुणाच्या आवाक्याबाहेर जाणार? एप्रिल २०२३ मध्ये घरांच्या प्रश्नावर लिस्बनमध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. भाडेवाढीची कारणे अनेक आहेत. पण त्यांत हे एक नाही, असे कोण म्हणेल?

दुसरी अट कागदपत्रांची, आणि खरा मुद्दा हाच आहे. नोकरीचा करार, दुसऱ्या देशातून काम करण्यास मालकाची लेखी संमती, पगाराच्या पावत्या, बँकेचा उतारा, पोलिसांचा दाखला, आरोग्य विमा. स्पेनमध्ये मालकाकडे किमान तीन महिने नोकरी आणि कंपनी किमान एक वर्ष जुनी, हेही सिद्ध करावे लागते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्यालासुद्धा सेवेचा लेखी करार दाखवावा लागतो.

त्या साथींच्या मुलाचा पगार पुरेसा होता. पण कंपनीने त्याला 'सल्लागार' ठरवले होते. नियुक्तिपत्र नाही, पगाराची पावती नाही, पीएफ नाही, करारही नाही. काम फोनवरच्या निरोपावर. पैसा होता, पण आपण कोणाचे कामगार आहोत हे सांगणारा कागद नव्हता. अर्ज तिथेच थांबला.

भारत आणि पोर्तुगाल यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार २०१७ पासून लागू आहे. मालकाने तिकडे पाठवलेल्या कामगाराला दोन्हीकडे वर्गणी भरावी लागू नये, यासाठी आपले पीएफ कार्यालय दाखला देते. पण ज्याचे पीएफ खातेच नाही, त्याला तो कुठून मिळणार?

कोणी म्हणेल, लाखांत पगार घेणाऱ्यांची चिंता आपण का करावी? कारण स्टेशनवर ठेकेदाराच्या हाताखाली झाडलोट करणारा कामगार आणि हा मुलगा एकाच दुखण्याने बेजार आहेत. एकाला व्हिसा मिळत नाही, दुसऱ्याला ग्रॅच्युइटी. कारण एकच, नोकरीचा पुरावा नाही. आपल्या हातात सर्व्हिस बुक आहे, ते संघटनेच्या बळावर टिकले, हे विसरू नये.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांत प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. त्या संहितांना आपला विरोध असला, तरी हे कलम हातचे सोडण्याचे कारण नाही. म्हणून घरी मुलामुलींना व्हिसाआधी एवढेच विचारा : नियुक्तिपत्र आहे का? पगाराची पावती येते का? पीएफ कापला जातो का? उत्तर 'नाही' असेल, तर पहिला अर्ज परदेशी वकिलातीत नव्हे, आपल्या मालकाकडे करायचा आहे. आणि तो एकट्याने नव्हे, सहकाऱ्यांना बरोबर घेऊन.