रॅलेचा डगला आणि मागे राहिलेली माणसं

लहानपणापासून सर वॉल्टर रॅले म्हटलं की एकच चित्र डोळ्यासमोर येतं. राणी एलिझाबेथचे पाय चिखलात भरू नयेत म्हणून स्वतःचा डगला अंथरणारा बहाद्दर! गंमत म्हणजे ही गोष्ट छापली गेली १६६२ साली, रॅलेला जाऊन ४४ वर्षं झाल्यावर. खरी-खोटी देव जाणे.

माझा आक्षेप वेगळाच आहे. या डगल्याच्या नादात आपण रोआनोक विसरतो.

१५८४ साली राणीने रॅलेला अमेरिकेत वसाहतीची सनद दिली. साहेब स्वतः रोआनोकला कधी गेलेच नाहीत, माणसं पाठवली. १५८७ मध्ये शंभराहून जास्त लोक, बायकामुलांसकट, तिथे उतरले. गव्हर्नर जॉन व्हाइटला तिथेच नात झाली. नऊ दिवसांनी तो रसद आणायला इंग्लंडला निघाला... आणि अडकला. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमार येऊ घातलं, मोठी जहाजं बंदरातच रोखली गेली. दोन छोटी निघाली, ती वाटेत लुटली गेली. व्हाइट परत पोचला तो थेट ऑगस्ट १५९० मध्ये. वस्ती रिकामी! एका खांबावर फक्त 'क्रोएटोअन' हे जवळच्या बेटाचं नाव कोरलेलं. खराब हवामानामुळे तिथे जाताही आलं नाही.

आता आरमार काही रॅलेने बोलावलं नव्हतं, हे मान्य. पण १५९५ मध्ये तो स्वतः जहाजावर चढला तो सोन्याच्या नगरीसाठी, गयानाला. रोआनोकच्या माणसांना शोधायला जहाज धाडलं १६०२ मध्ये. तेही हात हलवत परतलं.

सोन्याने त्याला शेवटपर्यंत सोडलं नाही. तेरा वर्षं टॉवरच्या कैदेत काढून १६१६ मध्ये सुटला, तो पुन्हा गयानाच्या वचनावर. त्या मोहिमेत पोटचा पोरगा गेला, सोनं मिळालं नाही, आणि २९ ऑक्टोबर १६१८ ला मान गेली. वाईट वाटतंच.

हे सगळं आज का आठवलं? मागच्या वर्षी मी टीममधल्या दोघांना परदेशी ऑनसाईट पाठवलं. "तीन महिन्यांत बदली माणूस देतो," म्हणालो. मग दुसरा मोठा प्रोजेक्ट आला. आठ महिने झाले. त्यातल्या एकाने आपल्या मुलीचं बारसं व्हिडिओ कॉलवर पाहिलं. कारणं माझ्याकडेही होती, सगळी खरी!

डगला अंथरायला एक क्षण पुरतो. माणसं परत आणायला मात्र रोज आठवण ठेवावी लागते. सोमवारी पहिलं काम तेच. तुमचं कोणी रोआनोकला अडकलंय का, बघा जरा.