सन्मान निधी कोणाचा?

प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाला 6000 रुपये आणि मध्यप्रदेश शासनाच्या मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचे 6000 रुपये, असे एकूण 12000 रुपये रामपायलीतील पात्र भूमिस्वामीच्या खात्यात 2000 रुपयांच्या हप्त्यांनी जमा होतात. केंद्राची योजना 2019 साली आली. राज्याची 2020 साली 4000 रुपयांनी सुरू झाली आणि 2023 मध्ये वाढली. रकमेविषयी आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न ती कोणाच्या हाती पडते, हा आहे. किसान म्हणावे कोणाला? आषाढात बांधीतल्या चिखलात उभे राहून रोवणी करणाऱ्याला, की ज्याचे नाव खसऱ्यात आहे त्याला?

शासनाचे उत्तर स्पष्ट आहे: जमीन ज्याच्या नावावर, तोच किसान. बटाईदाराला या यादीत जागा नाही. भूमिस्वामी आयकर भरणारा असेल किंवा दरमहा 10000 रुपये किंवा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारा असेल, तर नियमाने तो केंद्राच्या निधीस अपात्र ठरतो. म्हणजे त्या शेतावर मालक अपात्र आणि कसणारा अदृश्य. पीक मात्र दरवर्षी उभे राहते.

हा विषय आपल्या घराण्यांना परका नाही. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. पुढील पिढ्या नोकरीनिमित्त नागपूर, जबलपूर, पुण्याकडे पांगल्या आणि चंदन नदीकाठची उरलेली शेती अधिया-बटाईवर गेली. बी, खत, मजुरी आणि पावसाची धास्ती यांतला मोठा वाटा आज कसणारा उचलतो.

यावर असे म्हटले जाते की, बटाई तोंडी असते, तिची नोंद शासनाने ठेवावी कशी? हा युक्तिवाद टिकत नाही. आधारभूत भावाने धान खरेदी करताना हेच शासन सिकमी व बटाईदार यांची नोंदणी करारपत्र पाहून करते. धान घेताना जो दिसतो, तो पैसे देताना का दिसू नये? 2018 साली ओडिशाने कालिया योजनेत बटाईदारांना सामावून घेतलेच होते.

दुसरा आक्षेप आपल्याच ओसरीवर ऐकू येतो: कागद केला की जमीन गेली. 1959 च्या भू-राजस्व संहितेमुळे ही भीती पूर्वी निराधार नव्हती. परंतु भूमिस्वामी व बटाईदार या दोघांच्याही हितरक्षणासाठी 2016 साली राज्याने स्वतंत्र कायदा केला. त्यात लेखी कराराची सोय आहे आणि आपत्तीच्या मदतीत बटाईदाराचा वाटा मान्य केलेला आहे. मालकी सुरक्षित ठेवूनच हे सारे होते. तरीही कागद टाळायचा, तर ती भीती नव्हे, सोय म्हणावी लागेल.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. नोंदलेल्या करारानुसार कसणाऱ्यास थेट अनुदान मिळेल असा नियम शासनाने करावा. आणि तो होण्याची वाट न पाहता, ज्यांची शेती बटाईवर आहे त्यांनी येत्या खरिपापूर्वी करार लिहून एक प्रत तहसीलीत द्यावी. मालकाला पिकाचा वाटा मिळतोच. सन्मानाच्या नावाने येणारा पैसा तरी ज्याने धान पिकवले त्याच्या घरी जावा.